धुणे नजरेआड जाताना

जळगाव-धुळ्यात आज घर बांधायला काढणाऱ्यांच्या नकाशावर स्वयंपाकघराच्या मागे एक लहान खोली हमखास असते. बंगल्यात तिला युटिलिटी म्हणतात, फ्लॅटमध्ये तेच काम ड्राय बाल्कनी करते. वॉशिंग मशीन, मळक्या कपड्यांची टोपली, साबण-पावडर, इस्त्री हे सारे लॅमिनेटच्या दारांमागे जावे आणि दारे लावली की सपाट भिंत दिसावी, अशी घरमालकांची अपेक्षा असते. ही नव्या काळाची टापटीप वाटते खरी. पण खानदेशातल्या धुण्याचा गेल्या दोनशे वर्षांचा माग काढला तर ही लपवालपवी बरीच जुनी निघते. धुण्याची जागा इथे नदीवरून मोरीत आणि मोरीतून कपाटात सरकत आली. तिला सरकवले ते मुख्यतः पाण्याने, आणि प्रत्येक टप्प्यावर धुणारीचे कष्ट थोडे थोडे हिशेबाबाहेर गेले, असे माझे म्हणणे आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपून खानदेश इंग्रजांकडे आला, तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे मुख्य ठाणे निवडले आणि पांझरेकाठच्या जुन्या वस्तीला जोडून सरळ, रुंद रस्त्यांची नवी पेठ आखली. तिथल्या गल्ल्या आजही क्रमांकाने ओळखल्या जातात. त्या काळी धुणे म्हणजे पांझरेचा काठ. तापी, गिरणा, बोरी, वाघूर यांच्या काठच्या गावांतही तेच. वर्षाला जेमतेम सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या मुलखात घरी आणलेला हंडा पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठीच पुरायचा. पाणी कपड्यांकडे येणार नव्हते, म्हणून कपडे पाण्याकडे जायचे. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडले की वाळूत झिरा खोदायचा आणि त्याच्याच कडेला दगड मांडायचा. गावचा परीट बारा बलुतेदारांपैकी एक होता. सुगीला त्याला खळ्यावर धान्य मिळे, सोयर-सुतकाचे कपडे त्याच्याकडे जात आणि लग्नात पायघड्या घालण्याचा मान त्याचा असे. कुणब्याच्या घरचे रोजचे धुणे मात्र बाईच नदीवर नेई. म्हणजे एकाच काठावर दोन प्रकारचे श्रम चालत. एकाला हलके मानूनही मोबदला ठरलेला होता, दुसऱ्याला तो कधी ठरलाच नाही.

यावर कोणी म्हणेल, नदीकाठचे कौतुक नको. ते काम कंबर मोडणारे होते आणि परटाचे बलुते ही जातीची बेडी होती. दोन्ही गोष्टी मला पूर्ण मान्य आहेत. त्या काठावर परत जावे असे मी मुळीच म्हणत नाही. पण काठावरचे काम सर्वांना दिसत होते. कोणाच्या घरात किती माणसे, कोणाची सून किती बोचकी वाहते, कोण आजारी असूनही धुण्याला आली, हे गावाला माहीत असे, आणि शेजारणीचा हात पिळायला मिळत असे. दिसणाऱ्या कामाची निदान चर्चा होऊ शकते.

पुढे विहिरी वाढल्या, नळ आले आणि धुणे घरात शिरले. जळगाव तर नदीकाठचे शहरच नव्हे. गिरणा बाहेरून जाते. आगगाडी आणि कापूस यांच्या जोरावर ते वाढले, आणि घरातल्या मोरीचे महत्त्व इथे साहजिकच मोठे झाले. धाब्याच्या घरात ही मोरी म्हणजे एका कोपऱ्यात बसवलेली फरशी, तिला ओठासारखा कठडा आणि भिंतीतून गटारात निघालेले भोक. आंघोळ, भांडी, धुणे, सारे तिथेच. नदीची पायपीट वाचली, हा लाभ फार मोठा होता. त्याच वेळी धुणे एकटीचे झाले. पाळीचे कापड तर आधीपासूनच चोरून धुतले जाई. आता ते मोरीच्या अंधारात धुवून दुसऱ्या लुगड्याखाली, उन्हाला न दाखवता वाळवले जाऊ लागले. ज्या प्रदेशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर चढतो, तिथे बायकांचे कापड ओलसर राहावे, हा नजरेआड ठेवण्याच्या हट्टाचाच परिणाम होता. त्याची किंमत त्यांच्या शरीराने मोजली.

साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांचे कपडे ते गुपचूप धुवून ठेवत, ही आठवण अजून सांगितली जाते आणि सांगावी अशीच आहे. मात्र ती टिकली, कारण धुणारा पुरुष होता, मास्तर होता. त्याच वेळी अमळनेरच्या घराघरांत तेच काम रोज चालू होते, आणि त्याची आठवण ठेवावी असे कोणाला वाटले नाही.

यंत्र आले तेही पाण्याच्या अटीवर. १९९०च्या आसपास मध्यमवर्गीय घरांत जे सेमी-ऑटोमॅटिक मशीन शिरले, ते बादलीने भरता येत होते. नळाला पाणी नसले तरी अडत नव्हते. धुळ्याने तर नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येण्याचे उन्हाळे काढले आहेत. फुल्ली ऑटोमॅटिक मशीनला मात्र दाब लागतो, साधारण तीन मीटर उंचीवरची टाकी तरी हवीच. गच्चीवर प्लास्टिकची टाकी आली, जळगावातच तयार होणारे पीव्हीसी पाइप स्वस्त झाले, तेव्हा मशीन हवे तिथे, अगदी कपाटातसुद्धा, बसवणे शक्य झाले. नागरी पाणीपुरवठ्याच्या भारतीय मानकात माणशी दिवसाला १३५ लिटर धरले आहेत, त्यांत कपड्यांसाठी २०. ज्या घरात हे २० लिटर साठवणीतूनच काढावे लागतात, तिथे सुंदर दारापेक्षा टाकीची क्षमता आधी ठरवायला हवी.

मशीन झाकण्याला एक व्यवहारी कारण आहे आणि ते खोटे नाही: खानदेशची धूळ. बटणांच्या पाटीत ती साचते, शिवाय मशीनचा आवाज दिवाणखान्यात नको असतो. यासाठी दार हवे, हे मान्य. पण मशीनने काम संपवले आहे, तेव्हा लपवण्यासारखे काही उरलेच नाही, हा युक्तिवाद मला पटत नाही. कपडे गोळा करणे, वेगळे काढणे, वाळत घालणे, घड्या करणे हे सारे उरतेच. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, पुरुषांचा ९७. त्यातही घरकामाला हात लावणारे पुरुष चौघांत एक. जिथे बाहेरची बाई धुणे-भांडी करते, तिथे राज्याने २००८ मध्ये घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा केला, म्हणजे ते काम आहे हे कागदावर मान्य झाले. नकाशात मात्र ती बाई जिथे उभी राहते त्या खोलीला अनेकदा खिडकीही नसते.

म्हणून जळगाव-धुळ्यात युटिलिटी आखताना क्रम उलटा धरावा. आधी ऊन: गच्ची किंवा दक्षिण-पश्चिमेकडचा मोकळा सज्जा तिथून चार पावलांवर हवा, कारण इथे वर्षाचे आठ महिने ड्रायरची गरजच नाही. मग साठवणीची टाकी, उतार असलेली फरशी, हाताने चोळण्यासाठी कमरेइतक्या उंचीचा ओटा, उजेडाची खिडकी, आणि घरातल्या कोणालाही, मुलालाही, सहज पोहोचता येईल अशी जागा. मशीनवर दार बसवायचे असेल तर ते यानंतर, उरलेल्या पैशांत.