रस्ता ओलांडणारा माणूस

गांवाबाहेरून जाणारा एखादा हमरस्ता असतो. त्याच्या दोन्ही अंगांस हळूहळू घरें उठतात, दुकानें येतात, शाळा निघते, आडरस्ते येऊन मिळतात आणि कोणीं न आंखतांच तेथें चौक तयार होतो. पुढें तो चौक सुधारण्याची वेळ येते. परंतु सुधारावयाचा म्हणजे काय, याविषयीं दोन पक्ष पडतात. गाडी हांकणाऱ्यास वाटतें, आपल्याला येथें थांबावें लागूं नये. पायीं जाणाऱ्याचें मागणें त्याहून साधें आहे: पलीकडे धडपणें पोंचावें. हा तंटा इंग्लंडने कसा मिटविला, किंवा खरें पाहतां कसा लांबविला, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

पहिला प्रयत्न थेट पार्लमेंटच्या दारांत झाला. जॉन पीक नाइट या रेल्वेच्या अधिकाऱ्याने १८६८ त तेथें आगगाडीच्या सिग्नलासारखा खांब उभारविला. दिवसां त्याचे हात वरखालीं होत, रात्रीं तांबडे व हिरवे गॅसचे दिवे लागत, आणि हें सर्व एक पोलीस हातानें फिरवीत असे. १८६९ च्या जानेवारींत गॅस गळून स्फोट झाला, पोलीस जखमी झाला, आणि पुढें अर्धशतकाहून अधिक काळ लंडनने या युक्तीचें नांव काढलें नाहीं.

मोटारी आल्यावर मात्र प्रश्न जिवावर आला. १९३० च्या कायद्याने मोटारींवरील तासीं वीस मैलांची वेगमर्यादा काढून टाकली. १९३४ सालीं ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं. त्यांतील जवळजवळ निम्मीं पायीं चालणारीं होतीं. लढाई नसतां इतकीं माणसें! त्याच वर्षीं लेस्ली होर-बेलिशा हे वाहतूकमंत्री झाले. अधिकारावर येऊन थोडेच दिवस झाले असतां लंडनच्या कॅम्डन टाउन भागांत ते स्वतः रस्ता ओलांडीत होते, तोंच एक मोटार न थांबतां अंगावरून जातां जातां राहिली. मंत्र्याला असा अनुभव यावा हें लोकांच्या पथ्यावर पडलें. वस्तीच्या भागांत तासीं तीस मैलांची मर्यादा आली, नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली, आणि ओलांडण्याच्या जागीं काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे खांब व त्यांवर नारिंगी गोळे दिसूं लागले. गोळे पहिल्यानें कांचेचे होते. उनाड पोरांना नेमबाजीला याहून चांगलें लक्ष्य कोठें मिळणार? पुढें गोळे न फुटणारे करावे लागले.

परंतु खरें वैगुण्य निराळें होतें. खांब कडेला होता आणि रस्त्यावर होत्या केवळ धातूच्या खिळ्यांच्या रांगा. त्या चालणाऱ्याला दिसत. दुरून येणाऱ्या चालकाला दिसत नसत. म्हणून युद्धानंतर, १९४९ त, निरनिराळ्या रंगांचे पट्टे रस्त्यावरच रंगवून प्रयोग झाले, आणि काळ्यापांढऱ्याचा विजय झाला. ३१ ऑक्टोबर १९५१ रोजीं असे पट्टे पहिल्यानें कायम झाले ते स्लाव गांवीं. लंडनच्या पश्चिमेस, बाथकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर वसलेलें, कारखान्यांमुळें फुगलेलें हें गांव म्हणजे प्रारंभीं वर्णिलेल्या चौकांचें माहेरच. याच वेळीं आणखी एक शहाणपणाची गोष्ट झाली: ओलांडण्याच्या जागांपैकीं निम्म्याहून अधिक रद्द करण्यांत आल्या. पावलोपावलीं खांब असला म्हणजे त्याला कोणी जुमानीत नाहीं. या जागा थोड्या व ठळक झाल्या, आणि पट्ट्यावर पाऊल पडतांच गाडीनें थांबलें पाहिजे असा कायदा झाला. १९५५ पासून दोन वर्षें त्याच स्लावमध्यें सुरक्षिततेचा मोठा प्रयोग चालला, आणि लागोपाठच्या चौकांतील दिवे एकमेकांशीं जोडून पाहण्यांत आले.

येथें दुसरा पक्ष जागा झाला, आणि त्याचें म्हणणें अगदींच पोकळ नव्हतें. गर्दीच्या चौकांत माणसें एकेक करून पट्ट्यावर उतरूं लागलीं कीं गाड्या खोळंबतात; रांग मागच्या चौकापर्यंत जाते व तोही तुंबतो. यावर इंजिनियरांचा उपाय असा कीं माणसांना कडेला थोपवावें, त्यांचा घोळका जमूं द्यावा, आणि मग एकदम सोडावें. १९६२ त 'पँडा' नांवाची पद्धत निघाली. तिचे दिवे इतके गोंधळाचे होते कीं पांच वर्षांत ती गुंडाळावी लागली. १९६९ त 'पेलिकन' आला व तो टिकला. येथें चालणाऱ्यानें बटण दाबावयाचें व दिव्याची वाट पाहावयाची. रस्ते सुटसुटीत झाले, हें खरें. पण झेब्र्यावर जो हक्क होता, तो पेलिकनवर अर्ज झाला! वाहतुकीचे वांचलेले सेकंद कोणाच्या तरी खात्यांतून येतात, आणि तें खातें बहुधा कडेला उभें असलेल्याचें असतें. हिशेबाच्या वहींत गाडीचा खोळंबा लिहिला जातो, म्हातारीचा लिहिला जात नाहीं.

मुंबईने याच्याही पुढची पायरी गांठली. वांद्रें पूर्व येथें, स्टेशनापासून कलानगरच्या गजबजलेल्या चौकाकडे, महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानें २००८ त शहरांतील पहिला उंचावरचा पादचारी मार्ग बांधला. खालचा रस्ता वाहनांना मोकळा करून माणसांना जिने चढावयास लावले. दमेकऱ्याला, कडेवर मूल असलेल्या बाईला त्या जिन्यांचें काय वाटलें असेल तें सांगावयास नको. २०१९ त तो मार्ग धोकादायक ठरून बंद झाला, आणि स्टेशनाहून निघालेलीं माणसें पुन्हां खालच्या रस्त्यानें, गाड्यांच्या मधून वाट काढीत जाऊं लागलीं.