महाशिवरात्रीचा संध्याकाळचा शो

२१ फेब्रुवारी २०२०, शुक्रवार. महाशिवरात्र. तुम्ही वसई-विरारमधल्या आचोळे रोडवर उभे आहात. सकाळी तुंगारेश्वरच्या डोंगरावर गेलेली माणसं आता परतताहेत, कपाळावर भस्माचे पट्टे, पायांत धूळ. कडेला बसलेली बाई उरलेली कवठं आणि रताळी टोपलीत आवरतेय. शेअर रिक्षावाला चौथ्या सीटसाठी "स्टेशन, स्टेशन" ओरडतोय. कुणाच्याही तोंडाला मास्क नाही. तीन-चार आठवड्यांत कोरोनामुळे थिएटरं बंद होणार आहेत, हे इथे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. कुणाला सांगत बसू नका. आज तुम्ही ऐकायला आला आहात.

थिएटरात तिकिटाच्या रांगेत तुमच्या पुढे एक कुटुंब आहे. आई, वडील, कॉलेजात जाणारी मुलगी आणि तिचा दहावीतला भाऊ. आज दोन हिंदी सिनेमे लागलेत. वडिलांना विकी कौशलचा 'भूत' बघायचाय. आई म्हणते, "उपासाच्या दिवशी भुतं नकोत. 'बधाई हो'मधले नवरा-बायको आहेत ना, त्यांचा बघू." म्हणजे नीना गुप्ता आणि गजराज राव. त्या दोघांच्या भरवशावर 'शुभ मंगल ज्यादा सावधान'ची चार तिकिटं निघतात. सिनेमाचा विषय काय, हे मुलीला माहीत आहे. ती बोलत नाही.

हे दृश्य नीट बघून ठेवा. समलिंगी प्रेमावरच्या गंभीर, पारितोषिकं मिळवलेल्या सिनेमाला ही चार माणसं कधीच आली नसती. कॉमेडी आहे, आयुष्मान खुराना आहे, सणाची सुट्टी आहे, म्हणून ती आली.

आत अंधार होतो. पडद्यावर अलाहाबादचं त्रिपाठी कुटुंब. तुमच्या मागच्या रांगेत उत्तर प्रदेशातून येऊन आचोळ्यात स्थिरावलेली मंडळी बसली आहेत. घरातले काका-काकू भांडायला लागले की त्यांच्या रांगेतून सगळ्यात मोठा हशा उठतो. "हमारे फूफाजी एकदम ऐसे ही हैं," कुणीतरी म्हणतं. हितेश केवल्य या दिग्दर्शकाची ही खरी हुशारी. त्याने आधी घर ओळखीचं केलं, मग त्या घरातला मुलगा दाखवला.

लग्नाच्या वऱ्हाडाची रेल्वे. अमन आणि कार्तिक, जितेंद्र कुमार आणि आयुष्मान, एकमेकांचं चुंबन घेतात आणि अमनचे वडील ते बघतात. आता पडद्याकडे पाहू नका, हॉलकडे कान द्या. आधी एक शिट्टी. मग कॉलेजच्या पोरांचं खिदळणं, एकमेकांना ढकलणं. कुणीतरी "शी" म्हणतं. आणि लगेच बाप ओकायला लागतो, तसा सगळा हॉल हसतो. पण हसतो तो बापाला.

ही गोष्ट किती मोठी आहे, हे कळायला आणखी मागे चला. १४ नोव्हेंबर २००८. आचोळे अजून ठाणे जिल्ह्यात आहे, वसई-विरार महापालिका जन्मायची आहे. 'दोस्ताना' लागलाय. दोन पुरुष मायामीत भाड्याने घर मिळावं म्हणून समलिंगी असल्याचं नाटक करतात, आणि हॉल त्या नाटकाला हसतो. पाच वर्षांपूर्वी 'कल हो ना हो'मध्ये दोन पुरुषांना जवळ बघून घाबरणाऱ्या कांताबेनवरही असाच हसला होता. समलिंगी संबंधांना कलम ३७७ खाली तेव्हा जन्मठेपेपर्यंतची शिक्षा होती. हसणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसेलही. पण त्या गर्दीत जो मुलगा खरोखरच तसा होता, तोही हसला. त्याला हसावंच लागलं.

परत २०२० मध्ये या. मध्यंतर झालंय. वडील पॉपकॉर्नच्या रांगेत दुसऱ्या एका गृहस्थाला सांगताहेत, "विनोद बरा आहे, पण मुलांना आणायला नको होतं." तो गृहस्थ म्हणतो, "पिक्चरमध्ये ठीक आहे हो, घरात कोण चालवून घेईल?" तुम्हाला ठाऊक आहे, याच महिन्याच्या सुरुवातीच्या, समलिंगींच्या हक्कांसाठीच्या मुंबई प्राइड मोर्चाला ऑगस्ट क्रांती मैदानात परवानगी मिळाली नाही. पडद्यावर चालतं, रस्त्यावर नको, घरात तर नकोच: या हॉलमधलं बहुमत इथवर आलंय आणि इथेच थांबलंय.

कोपऱ्यात दोन तरुण उभे आहेत, सीटा वेगवेगळ्या काढून आलेले. त्यांचं मत मला सगळ्यात मोलाचं वाटतं. "सगळा पिक्चर बापाचाच आहे," एक जण म्हणतो. "त्या दोघांना प्रेम करायला वेळच कुठे दिलाय?" खरं बोलला तो. अमन-कार्तिकची ओढ आपल्याला गृहीत धरावी लागते, आणि दुसऱ्या भागात इंद्रधनुष्यी झेंडा पांघरलेला कार्तिक भाषणं फार करतो. दुसरा तरुण मात्र म्हणतो, "असू दे. शेवटी मारू नयेत दोघांना, बस."

मारत नाहीत. सिनेमा संपतो तो समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून मोकळं करणाऱ्या, ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापाशी. तीन-चार जण टाळ्या वाजवतात. बाकीचे चपला शोधतात.

आता त्या कुटुंबाबरोबर रिक्षात शिरा. आचोळ्यातलं त्यांचं घर वन रूम किचन आहे. चौघांनी एकाच खोलीत झोपायचं, तिथे दार लावून आईला काही सांगायची सोय नसते. जे बोलायचं ते रस्त्यातच. मुलगी अगदी सहज विचारते, "कसा वाटला?"

"टाइमपास आहे," वडील म्हणतात. आणि रिक्षा वळल्यावर, कुणी न विचारता: "बाप उगाच फार ताणतो."

आई काही वेळ गप्प असते. "आईला आधीच कळलं असणार," ती म्हणते. "आईला कळतंच. बोलत नाही एवढंच."

धाकटा भाऊ रिक्षाबाहेर बघतोय. मुलगी त्याच्याकडे बघतेय. या दोघांपैकी कुणाला हे ऐकायचं होतं, की कुणालाच नव्हतं, ते तुम्हाला कळणार नाही. रिक्षात तेवढी जागा नाही आणि तुमची वेळही संपली आहे.

तुमच्या काळात परत या. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यामुळे समलिंगी जोडप्यांचं घर होणं अजून घरच्यांच्या मनावरच अवलंबून आहे. म्हणून एक विनंती. असा हलकाफुलका सिनेमा तुमच्या टीव्हीवर लागला आणि घरातल्या कुणी विचारलं, "कसा वाटला?", तर "शी" किंवा "टाइमपास" म्हणून मोकळे होऊ नका. विचारणारा कदाचित सिनेमाबद्दल विचारत नसेल. त्याला ऐकू जाईल असं, स्पष्ट शब्दांत सांगा, की सिनेमातल्या त्या मुलाच्या जागी आमचं मूल असतं तर आम्ही त्याला घरातच ठेवलं असतं.