मधुमेह आणि शंभर योजने

सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक जन्मजात, दुसरा अपथ्यातून उद्भवणारा. या दुसऱ्यावर निर्धन रोग्याला सांगितलेला उपाय ऐकण्यासारखा आहे. त्याने अनवाणी, भिक्षेवर राहून शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी!

१९२१ साली टोरांटोत इन्सुलिन सापडले आणि मरणपंथाला लागलेली मुले वाचू लागली. वाटले, रोग जिंकला. परंतु १९३६ मध्ये हिम्सवर्थ यांनी दाखवले, की कित्येक रोग्यांचे शरीर इन्सुलिनला पुरेशी दादच देत नाही. २००२ साली अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ३,२३४ लोकांवरील प्रयोगाचा निष्कर्ष आला. मेटफॉर्मिनच्या गोळीने मधुमेह जडण्याचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटले. मिताहार, वजनात घट आणि आठवड्यास दीडशे मिनिटे चालणे यांचा नेम सांगितलेल्यांत ५८ टक्क्यांनी!

श्रोतेहो, विहीर खणण्याचे राहू द्या. आज घरी मात्र पायी जा.