ओपन बॅफल स्पीकर : घरगुती बांधणी

ओपन बॅफल स्पीकर म्हणजे पेटीऐवजी सपाट फळीवर बसवलेला आणि मागून पूर्ण उघडा ठेवलेला ध्वनिक्षेपक. त्यातल्या ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या घटकाचा, शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. त्यामुळे पुढून व मागून सारख्याच ताकदीचा, पण उलट कलेचा ध्वनी निघतो. म्हणून या स्पीकरला द्विध्रुवी किंवा डायपोल म्हणतात. पेटीच्या स्पीकरात मागचा ध्वनी कोंडलेला असतो, इथे तो खोलीत मोकळा सुटतो. एक फळी, दोन-तीन ड्रायव्हर आणि मागे टेकू एवढ्यावर काम भागते, म्हणून हौशी माणसाला हा प्रकार सोपा वाटतो. सुतारकामापुरता तो सोपा आहेही. कठीण आहे तो खर्जाचा हिशेब आणि खोलीतली जागा. रत्नागिरीसारख्या दमट, खाऱ्या हवेच्या गावात हवामानही त्यात लक्ष घालते. ही नोंद मुख्यतः तिथल्या घरांच्या अंगाने केली आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये आजच्या शंकूच्या स्पीकरचे मूळ रूप मांडले, तेव्हाच बॅफलची गरज दिसून आली होती. नुसता शंकू हवेत धरला तर पुढचा दाब कडेवरून वळसा घालून मागच्या विरळ हवेत जिरतो आणि खर्ज नाहीसा होतो. मध्ये फळी घातली की हा वळसा लांबतो. त्यानंतरची दोन-तीन दशके घराघरांतले व्हॉल्व्हचे रेडिओ याच तत्त्वावर चालले. व्हॉल्व्ह तापत, म्हणून संचाची पाठ भोके पाडलेल्या हार्डबोर्डची असे आणि ध्वनी तिथूनही बाहेर पडे. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली तेव्हा माजघरातल्या फडताळावरच्या मर्फी-फिलिप्स संचांतून ती ऐकणारी कुटुंबे एका परीने ओपन बॅफलच ऐकत होती. फक्त संच भिंतीला टेकवलेला असल्याने मागचा ध्वनी वाया जाई. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांचा क्वाड इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आला. तोही द्विध्रुवीच. पुढे पेटीचा जमाना आला आणि उघडी फळी मागे पडली. तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली ती जर्मनीत जन्मलेले आणि ह्यूलेट-पॅकार्डमध्ये मोजमापाची उपकरणे घडवणारे अभियंते झीगफ्रीड लिंकविट्झ (१९३५–२०१८) यांनी. १९७६ मध्ये त्यांनी मांडलेली, त्यांच्या व रस रायली यांच्या नावाने ओळखली जाणारी क्रॉसओव्हरची, म्हणजे ड्रायव्हरांमध्ये कंप्रता वाटून देण्याची, पद्धत आज सर्वत्र वापरली जाते. २०१२ चा एलएक्स५२१ हा त्यांचा द्विध्रुवी स्पीकर घरी बांधणाऱ्यांसाठीच आखलेला होता.

खर्जाचा हिशेब : सगळे गाडे अडते ते इथे. फळीच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर हा मागच्या ध्वनीचा जादा प्रवास. ६० सेंमी. रुंद फळीत तो साधारण ३० सेंमी. धरता येतो. उबदार हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मी. धरला तर ५७५ हर्ट्झच्या आसपास हा जादा प्रवास तरंगलांबीच्या निम्मा होतो. उलट कलेचा मागचा ध्वनी तिथे सुलट होऊन पुढच्याला मिळतो आणि आवाज ६ डेसिबलपर्यंत चढतो. त्याच्या दुप्पट कंप्रतेवर दोन्ही एकमेकांना मारतात. आणि १९० हर्ट्झच्या खाली दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरण लागते. हे आकडे ढोबळ आहेत. जमीन फळीला खालून लांबवते आणि ड्रायव्हर मध्यापासून सरकवला की चढ-खळगे पसरून सौम्य होतात. म्हणूनच जाणकार ड्रायव्हर फळीच्या ऐन मध्यावर सहसा लावत नाहीत.

उतरण किती बोचेल हे काय ऐकायचे त्यावर ठरते. पुरुष गायकाचा षड्ज काळी एक धरला तर तो १३९ हर्ट्झच्या जवळ येतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झवर. काळी चारमध्ये गाणाऱ्या गायिकेच्या तानपुऱ्याचा खर्ज १०४ हर्ट्झच्या आसपास राहतो. म्हणजे ख्याल, नाट्यसंगीत, अभंग, भावगीत या साऱ्यांचा पाया ७० हर्ट्झला बहुतेक संपतो. वर धरलेल्या ६० सेंमी.च्या फळीवर तिथे सुमारे ९ डेसिबलची तूट येते, ती भरून काढण्याजोगी आहे. आजच्या चित्रपटगीतांतला ४० हर्ट्झचा कृत्रिम धक्का हवा असेल तर तूट १३-१४ डेसिबलवर जाते आणि खर्च आवाक्याबाहेर. कारण एका सप्तकाने खाली उतरताना तेवढाच आवाज राखायला पेटीतल्या शंकूला चौपट हलावे लागते, उघड्या फळीवरच्या शंकूला आठपट. नाट्यगीतांच्या गावाला हा स्पीकर मानवतो आणि डीजेच्या शौकिनाला मानवत नाही, असे म्हणायला हरकत नाही.

ड्रायव्हरची निवड : तूट भरण्याचे दोन मार्ग आहेत, मोठा शंकू आणि योग्य क्यूटीएस. क्यूटीएस हा आकडा ड्रायव्हरचा शंकू आपल्या स्वाभाविक कंप्रतेवर किती मोकाट डोलतो ते सांगतो. पेटीसाठी ०.३–०.४ चा ड्रायव्हर उत्तम. उघड्या फळीला ०.७ किंवा त्याहून थोडा अधिक हवा, म्हणजे ते डोलणेच उतरणीला टेकू देते. गंमत अशी की लहान चुंबकाचे स्वस्त ड्रायव्हर इथे कामाला येतात आणि मंडपवाल्यांकडे दिसणारे जड चुंबकाचे, महागडे १५ इंची वूफर खर्जात कोरडे वाजतात. नवख्यांचे पैसे बहुतेक इथेच बुडतात. असा वूफर घरात असलाच तर त्याच्यासोबत एकसरीत रोध जोडून क्यूटीएस वाढवता येतो, पण त्यात बरीचशी शक्ती उष्णता होऊन जाते. १२ इंची शंकूचे उपयोगी क्षेत्रफळ साधारण ५३० चौ. सेंमी., १५ इंचीचे ८५० च्या पुढे. जागा असेल तर १५ इंचीच घ्यावा. वरच्या पट्ट्यासाठी आठ इंची फुलरेंज किंवा मिडरेंज-ट्विटरची जोडी लावतात. हा माल मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तापकीर गल्ली इथे धुंडाळता येतो.

शंकूभोवतीची कडा कशाची आहे ते रत्नागिरीत आधी पाहावे. फोमची कडा दमट हवेत काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळून पडते. रबराची किंवा लेप दिलेल्या कापडाची कडा टिकते.

फळी : कोकणात सुताराला फळी सांगितली की फणस नाहीतर सागवान पुढे येते. दोन्ही लाकडे देखणी असली तरी वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडणाऱ्या गावात अखंड रुंद फळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि अखेर वाकते. एमडीएफचा विचारही करू नये. कडेने ओल शिरली की तो पावासारखा फुलतो. आडव्या-उभ्या थरांचे, आयएस ७१० शिक्क्याचे मरीन प्लाय हाच शहाणा पर्याय. ८ × ४ फुटांच्या एका तक्त्यातून ६० × ११० सेंमी.चे चार तुकडे निघतात. १८ मिमी.चे दोन-दोन तुकडे एकमेकांना चिकटवले की ३६ मिमी. जाडीच्या दोन फळ्या तयार होतात, आणि उरलेल्या पट्टीत टेकू व पाय बसतात. इतका चोख हिशेब सुतारकामात क्वचित जुळतो. मात्र करवतीचा आडवा-उभा छेद आधी आखून घ्यावा.

मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला कारागीर भोपळा आणि लाकूड निवडतो ते बोलावे म्हणून. बॅफलच्या लाकडाने मात्र गप्पच राहायचे असते. तयार फळीवर बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. आवाज लांबत असेल तर मागे तिरकी पट्टी मारावी. ३६ मिमी. जाडीत ड्रायव्हरचे भोक बोगद्यासारखे वागते, म्हणून मागच्या बाजूने भोकाची कड ४५ अंशांत उतरती करतात. आठ इंची ड्रायव्हरला याचा फरक ऐकू येण्याइतका पडतो, १५ इंचीला फारसा नाही. प्लायच्या उघड्या कडा पॉलिशने वा इपॉक्सीने बंद कराव्यात. होड्यांना लावतात ते काजूच्या टरफलांचे तेल पायांना लावले तर वाळवी दूर राहते. पण ते कातडी भाजते आणि त्याचा वास महिनोन्‌महिने जात नाही, तेव्हा दिवाणखान्यात विचार करूनच.

वूफर मोठ्या फळीऐवजी इंग्रजी एच आकाराच्या, पुढे-मागे उघड्या चौकटीत घालण्याचीही रीत आहे. कमी रुंदीत वळसा लांबतो. मोबदल्यात चौकटीचा स्वतःचा हुंकार येतो, तो क्रॉसओव्हरने कापावा लागतो.

क्रॉसओव्हर : वूफर व वरचा ड्रायव्हर साधारण १५०–३०० हर्ट्झच्या दरम्यान विभागतात. निष्क्रिय पद्धतीत खर्ज वाढवता येत नाही, वरचा पट्टाच खाली आणावा लागतो. ९६ डेसिबल संवेदनशीलतेचा वूफर ९ डेसिबलची तूट भरल्यावर ८७ चा उरतो. सक्रिय पद्धतीत डीएसपी (अंकीय संकेतप्रक्रिया) आणि प्रत्येक ड्रायव्हरला स्वतंत्र अॅम्प्लिफायर लागतो. ९ डेसिबलची वाढ म्हणजे आठपट शक्ती हे ध्यानात ठेवावे. लिंकविट्झ-रायली पद्धतीत विभाजनाच्या बिंदूवर प्रत्येक शाखा ६ डेसिबल खाली असते आणि दोन्ही एकाच कलेत राहतात. पहिल्या बांधणीला डीएसपीच बरी, चुका खोडता येतात.

खोली : द्विध्रुवीचा ध्वनी इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पुढे-मागे पसरतो आणि दोन्ही बगलांना जवळजवळ शून्य होतो. समोर तेवढाच आवाज असताना खोलीत एकूण ऊर्जा सर्वदिश स्पीकरच्या एक तृतीयांश जाते. बाजूच्या भिंतींवरून येणारे परावर्तन त्यामुळे घटते. गिलावा केलेल्या जांभ्याच्या कडक भिंतींत, अरुंद-लांब ओटीवर किंवा माजघरात हा गुण ठळक जाणवतो. आवाजाला भिंतींचा ठणका लागत नाही, गायक समोर बसल्यासारखा ऐकू येतो. जुन्या कौलारू घरात आणखी एक गोष्ट जुळते. बंद सिमेंटच्या खोलीत पेटीच्या स्पीकरला अतिखर्जात खोली स्वतः हातभार लावते. कौलांच्या फटींतून आणि उघड्या खिडक्यांतून हवा निसटते तिथे तो हातभार मिळत नाही. द्विध्रुवीला तो मुळातच मिळत नसल्याने त्याचे काही बिघडत नाही.

पण त्याला मागे जागा लागते. मागच्या भिंतीपासून निदान १ मी. अंतर हवे, म्हणजे परावर्तित ध्वनी सुमारे ६ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि कान त्याला वेगळा काढू शकतो. नव्या इमारतींतल्या १० × १२ फुटांच्या हॉलमध्ये एवढे अंतर सोडले तर स्पीकर येण्याजाण्याच्या वाटेत उभा राहतो. शिवाय १२ फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्झच्या खाली द्विध्रुवी फारसे काही देऊ शकत नाही. अशा ठिकाणी बंद पेटी बांधावी. उघड्या फळीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मोजमाप : कानाने बांधलेला ओपन बॅफल बहुधा मध्यपट्टीत ओरडतो, कारण तो ६ डेसिबलचा चढ लोकांना आधी ‘स्पष्टपणा’ वाटतो. संगणक, मोफत मिळणारी आरईडब्ल्यू ही प्रणाली आणि एक कॅलिब्रेटेड मायक्रोफोन एवढ्यात खरे चित्र दिसते. कोकणातल्या माणसाच्या हाताशी शहरातल्याला न मिळणारी प्रयोगशाळा असते, ती म्हणजे घरापुढचे खळे. स्पीकर व मायक्रोफोन दोन्ही दीड मीटर उंचीवर, एकमेकांपासून १ मी. ठेवले तर जमिनीवरून उसळलेला ध्वनी ६ मिलिसेकंदांनंतर येतो. तेवढ्या खिडकीत १६० हर्ट्झच्या वरचे मोजमाप विश्वासार्ह मिळते. शंकूला मायक्रोफोन चिकटवून घेतलेल्या खर्जाच्या आलेखावर भरवसा ठेवू नये, कारण इतक्या जवळून पुढचा-मागचा ध्वनी एकमेकांना मारताना दिसतच नाही. जून ते सप्टेंबर हे काम होत नाही. दिवाळीनंतर सकाळची वेळ उत्तम. संध्याकाळी रातकिडे नेमके चार-पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सुरू होतात आणि ट्विटरचा आलेख त्यांचाच होऊन बसतो. मायक्रोफोनशिवायची एक कसोटीही आहे. एकच स्पीकर वाजवत ठेवून त्याच्या बगलेला, फळीच्या रेषेत उभे राहावे. आवाज पोकळ, लांबचा झाला तर बांधणी बरोबर. झाला नाही, तर बहुधा बाजूची भिंत फार जवळ आहे.

देखभाल : पेटीत ड्रायव्हरची पाठ झाकलेली असते, इथे चुंबक, स्पायडर आणि तारांचे सांधे उघडे राहतात. खाऱ्या हवेने चुंबकाच्या पोलादी चकत्यांवर गंज धरतो आणि त्याची पूड व्हॉइस कॉइलच्या फटीत गेली की शंकू खरखरतो. चकत्यांच्या बाहेरच्या कडांना बसवण्यापूर्वीच रंगाचा हात द्यावा, सांधे झाळून वर वार्निश लावावे. चुंबकाच्या मागचे हवेचे भोक कुंभारीण माशीला घर बांधायला पसंत पडते. त्यावर मच्छरदाणीचा पातळ तुकडा ताणून लावला तर हवा अडत नाही. पावसाळ्यात स्पीकर रोज थोडा वेळ वाजता ठेवल्याने कॉइलची ऊब आतली ओल धरू देत नाही. जड शंकू स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली झुकतो, म्हणून वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, वूफर सोडवून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवतात.