कमरेचे पाते आणि हरवलेली कृती

जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये ‘सिलेहखाना’ नावाचा शस्त्रसंग्रह आहे. ‘सिलाह’ म्हणजे शस्त्र. मराठी दप्तरांत भेटणारा ‘शिलेखाना’ हा त्याच शब्दाचा मराठी अवतार. आमेर-जयपूरच्या राजांचा दरबारी कारभार ‘छत्तीस कारखान्यां’त वाटलेला असे. त्यांत शस्त्रांचा सिलेहखाना होता, तसा हस्तलिखितांचा पोथीखानाही होता. येथील तलवारी पाहणाऱ्याची नजर प्रथम खेचून घेतात. परंतु विज्ञानाच्या विद्यार्थ्याने काचेआडच्या लहान पात्यांपाशी, म्हणजे कट्यारी, खंजीर आणि पेशकब्ज यांच्यापाशी, थोडे अधिक थांबावे. तलवार मोहिमेवर निघताना घ्यायची, तर ही पाती रोज सकाळी शेला बांधताना कमरेला खोवायची. जुन्या चित्रांतील राजपूत सरदार दरबारात असो वा बागेत, त्याच्या शेल्यात कट्यारीची मूठ हमखास दिसते. ती पोशाखाचा भाग होती आणि प्रतिष्ठेची खूणही. १६६५ च्या जूनमध्ये पुरंदरच्या तहाच्या वेळी आमेरच्या मिर्झाराजे जयसिंहांच्या छावणीत शिवाजी महाराज निःशस्त्र गेले. कमरेला पाते नसण्याचा अर्थ त्या काळात दोन्ही बाजूंना न सांगता कळत होता.

रोजच्या वापराचे पाते केवळ सरदारांकडेच असे, असेही नव्हे. पोथीखान्यात लिहिणाऱ्या लेखनिकाच्या कलमदानात बोरूला टोक काढणारा छोटा चाकू असे. त्याला ‘कलमतराश’ म्हणत. बोरूचे टोक दिवसातून अनेकदा तासावे लागे आणि धार बोथट असली तर अक्षर बिघडे. आपल्याकडे पानाच्या चंचीत अडकित्ता असे, शेतकऱ्याच्या कमरेला विळा असे. शस्त्र आणि अवजार यांचे हेतू वेगळे; पण दोघांपुढचा पदार्थविज्ञानाचा प्रश्न मात्र एकच होता.

तो प्रश्न असा. धार टिकायची तर पोलाद कठीण हवे. पाते मोडायचे नाही तर ते चिवट हवे. लोखंडात कार्बन वाढवला की काठिण्य वाढते आणि त्याबरोबर ठिसूळपणाही वाढतो. काठिण्य आणि चिवटपणा एकाच तुकड्यात नांदवणे ही धातुशास्त्राची जुनी डोकेदुखी आहे. पात्याच्या आकाराने तिचा काही भाग सुटतो. कट्यारीचेच उदाहरण घ्या. तिची मूठ आडवी असते, त्यामुळे मुठीत धरल्यावर पाते हाताच्या रेषेतच पुढे येते. वार करताना प्रतिक्रिया-बल सरळ हातातून खांद्याकडे जाते आणि मनगटावर पिळणारे आघूर्ण फारच थोडे येते. चिलखताच्या कड्यांत घुसताना टोक मोडू नये म्हणून ते मुद्दाम जाड ठेवीत. आकाराने इतके साधते. उरलेले काम पोलादालाच करावे लागते.

भारतीय कारागिरांनी या कामासाठी मुशीतले पोलाद घडवले. शुद्ध लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळते. कोळशाच्या साध्या भट्टीत ते वितळत नाही, सच्छिद्र गोळ्याच्या रूपात बाहेर येते. मात्र त्यात सुमारे दीड टक्का कार्बन शिरला, तर ते १,४०० अंशांच्या थोडे वर पूर्ण द्रव होते. म्हणून लोखंडाचे तुकडे, लाकूड आणि हिरवी पाने मातीच्या लहान मुशीत भरून तिचे तोंड लिंपून बंद करीत व ती बराच काळ तापवून सावकाश थंड होऊ देत. दक्षिणेतील नोंदींत यासाठी तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने वापरल्याचे उल्लेख आहेत. दोन्ही झाडे महाराष्ट्राच्या माळरानावर आजही उगवतात. नांदेडच्या सीमेपलीकडे, आजच्या तेलंगणातील निजामाबाद भागात कोनासमुद्रम हे या पोलादाचे नामांकित केंद्र होते. तेथील माल थेट इराणपर्यंत जाई. कानडी-तेलुगू ‘उक्कु’ या शब्दापासून युरोपीयांच्या तोंडी ‘वूट्झ’ हे नाव रूढ झाले, असे सर्वसाधारणपणे मानतात.

या पोलादाचे मर्म त्याच्या अंतरंगात आहे. दीड टक्क्याइतका कार्बन सगळाच्या सगळा लोखंडात मुरून राहू शकत नाही. जास्तीचा कार्बन लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट हे अत्यंत कठीण व ठिसूळ संयुग बनवतो. मंद आचेवर पुन्हा पुन्हा ठोकल्यावर या संयुगाचे बारीक कण पट्ट्यांच्या रूपात रांगेने बसतात. दोन पट्ट्यांमधले अंतर मिलिमीटरच्या काही शतांशांइतके असते. कठीण कणांच्या या पट्ट्या तुलनेने चिवट पोलादात गुंफलेल्या राहतात. शिकलगार पाते घासून लखलखीत करी आणि हिराकशीसारख्या क्षाराच्या द्रावणाने धुई. तेव्हा कुठे ही रचना पाण्यावरच्या लहरींसारखी डोळ्यांना दिसू लागे. फारसीत या नक्षीला ‘जौहर’ म्हणत. ती रेखाटलेली नसते. पोलादाच्या पोटात असते ती वर येते.

युरोपीय विज्ञानाशी या पोलादाची गाठ पडली ती मुंबईमुळे, आणि तीही एका चाकूच्या निमित्ताने. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये वूट्झचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. त्यांच्या तपासणीवरचा जॉर्ज पिअर्सन यांचा निबंध १७९५ मध्ये प्रसिद्ध झाला. बँक्स यांच्या इच्छेवरून जेम्स स्टोडार्ट नावाच्या कसबी चाकूकाराने त्यातील एका तुकड्याचा चाकू घडवला. तलवार नव्हे, भाला नव्हे, पिसाच्या लेखणीला टोक काढण्याचा खिशातला चाकू. म्हणजे पोथीखान्यातील कलमतराशाचा लंडनमधला भाऊबंदच म्हणायचा. स्टोडार्टने पोलाद अंधारात जेमतेम लाल दिसेल इतकेच तापवून ठोकले आणि नंतर सुमारे २३० अंश सेल्सिअसला त्याचा ठिसूळपणा उतरवला. धार उत्तम आली. हे पोलाद शस्त्रक्रियेच्या हत्यारांसाठी विशेष उपयोगी पडेल, असे त्याचे मत झाले.

यातील मंद आच महत्त्वाची आहे. पांढऱ्या आचेवर काम करण्याची सवय असलेल्या युरोपीय लोहारांच्या हातून हे पोलाद हातोड्याखाली भुगा होऊन जाई, कारण अति तापमानाला त्याची अंतर्गत घडणच मोडते. कोनासमुद्रमच्या मुशीतील रसायन आणि लोहाराच्या भट्टीतील आच ही एकाच कृतीची दोन अंगे होती. मालाबरोबर कृतीची माहिती पोहोचली नव्हती.

पुढे याच स्टोडार्टबरोबर मायकेल फॅरडे यांनी वूट्झवर काम केले. लोहाराच्या मुलाने पोलादात रस घेणे स्वाभाविकच होते. १८१९ मध्ये त्यांनी वूट्झचे पृथक्करण प्रसिद्ध केले. त्यात अल्युमिनियम आणि सिलिकॉन यांचा अंश त्यांना महत्त्वाचा वाटला आणि त्या अनुमानावरून त्यांनी पोलादाची अनेक मिश्रणे बनवून पाहिली. अनुमान चुकले, पण मिश्र पोलादांच्या पद्धतशीर अभ्यासाचा पाया त्यातून घातला गेला. त्याच सुमारास पॅरिसच्या टांकसाळीत ब्रेआँ यांनी शेकडो प्रयोग करून योग्य दिशा पकडली: नक्षीचे मूळ भरपूर कार्बनात आणि सावकाश थंड होण्यात आहे.

आता पुन्हा जयपूरकडे वळू. १८७६ मध्ये ब्रिटिश युवराजांच्या हस्ते तेथे अल्बर्ट हॉलची कोनशिला बसली. १८८३ मध्ये जयपूरमध्ये कलावस्तूंचे मोठे प्रदर्शन भरले आणि १८८७ मध्ये अल्बर्ट हॉलमध्ये संग्रहालय सुरू झाले. या साऱ्यामागची मुख्य शक्ती होते जयपूरचे ब्रिटिश शल्यचिकित्सक थॉमस होल्बाइन हेंडली. त्यांनी प्रदर्शनाची नोंद चार देखण्या खंडांत करून ठेवली. १८९२ मध्ये भारतातील पोलाद व लोखंडावरील नक्षीकामावर स्वतंत्र ग्रंथही काढला. त्यांच्या चिकाटीमुळे कितीतरी वस्तू आणि नमुने वाचले, हे निर्विवाद.

परंतु त्या ग्रंथाचा विषय होता पृष्ठभागावरचे सोने. या कामाला कोफ्तगिरी म्हणतात. पोलादावर बारीक हत्याराने आडव्या-उभ्या रेघा ओढून ते खरखरीत करायचे, त्यावर सोन्या-चांदीची तार ठोकून बसवायची आणि घोटून चमकवायची. फारसी ‘कोफ्तन’ म्हणजे ठोकणे. इंग्रजीत या नक्षीकामाला आणि वूट्झच्या लहरींना दमास्कस शहरावरून आलेली जवळजवळ सारखीच नावे पडली. एक नाव पोलादाच्या वरचे, एक पोलादाच्या आतले. संग्रहालयांच्या युगाने जे डोळ्यांना दिसते त्याची बारकाईने नोंद केली. मुशीत काय भरले, धातुक कोणत्या खाणीतले होते, आच किती वेळ दिली, हे विचारणारे मात्र थोडेच निघाले.

आणि विचारण्याचा काळ निघून चालला होता. १८५६ मधील बेसेमर पद्धतीनंतर विलायती पोलाद स्वस्तात येऊ लागले. वनकायद्यांनी कोळशाची लाकडे महाग केली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश मुलखात परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरवले. पात्यांचे गिऱ्हाईक आटले, भट्ट्या विझल्या आणि वडिलांकडून मुलाकडे हातोहात जाणारी कृती मध्येच तुटली. ती लिहून ठेवण्याची गरज पूर्वी कोणाला भासली नव्हती, कारण ती रोजची होती.

याची किंमत विसाव्या शतकात कळली. अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञ जॉन व्हर्होवेन आणि चाकूकार आल्फ्रेड पेंड्रे यांनी ही पाती नव्याने घडवण्याचा ध्यास घेतला, तेव्हा त्यांना जुन्या पात्यांचे कापलेले तुकडे हाच मुख्य पुरावा उरला होता. ते तुकडे स्वित्झर्लंडमधील बर्नच्या संग्रहातील होते. १९९८ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष मांडला: कार्बनइतकेच धातुकातून आलेले व्हॅनेडियमसारखे मूलद्रव्य निर्णायक असते आणि एक टक्क्याच्या शंभराव्या भागाहून कमी प्रमाणही सिमेंटाइटच्या पट्ट्या बनण्यास पुरते. एखाद्या विशिष्ट खाणीचे धातुक संपले, की तीच कृती, तेच हात आणि तीच भट्टी असूनही नक्षी उमटणार नाही, असा याचा अर्थ होतो. २००६ मध्ये ड्रेस्डेनच्या पेटर पाउफ्लर यांच्या गटाने सतराव्या शतकातील एका पात्याचा नमुना आम्लात विरघळवला आणि उरलेल्या अंशात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या आढळल्याचे ‘नेचर’मध्ये कळवले. त्या बातमीने आपल्याकडे ‘प्राचीन नॅनोतंत्रज्ञान’ असा गाजावाजा झाला. पात्याच्या गुणांत या नळ्यांचा वाटा किती, हा प्रश्न आजही वादाचा आहे. आणि कारागिराला त्यांची जाणीव होती असे तर त्या निबंधातूनही निघत नाही. त्याला ठाऊक होते ते आचेचा रंग, हातोड्याचा आवाज आणि तुटलेल्या तुकड्याचा पोत. हे ज्ञान नॅनोमीटरच्या भाषेत नसले म्हणून कमी खरे नव्हते.

पात्यांची परंपरा अगदीच संपली असे नाही. १९६२ च्या शस्त्र नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या यादीत घातल्या आणि घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक व औद्योगिक कामाची साधने त्यातून वगळली. कमरेची कट्यार भिंतीवर गेली, खिशातला घडीचा चाकू खिशातच राहिला. राजस्थानातील सिकलीगर कुटुंबे आजही कोफ्तगिरी करतात, आणि २०२३ मध्ये उदयपूरच्या कोफ्तगिरीला भौगोलिक मानांकन मिळाले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण येथेही मान मिळाला तो वरच्या सोन्याला. त्या सोन्याखालच्या जुन्या पोलादाची कृती कोणत्याही मानांकनाने परत येणार नाही.

विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यातून एक नेमके काम दिसते. देशातल्या गावोगावी अजून चालू असलेल्या भट्ट्या, मुशी आणि ओतशाळा आहेत: केरळमधील अरनमुळ्याचे धातूचे आरसे, स्वामीमलैच्या पंचधातूच्या मूर्ती, बस्तरचे ढोक्रा काम. त्यांची छायाचित्रे पुष्कळ आहेत. त्यांच्याजवळ तापमापी आणि घड्याळ घेऊन बसणे, माती, धातू व राखेचे नमुने जपणे आणि कारागिराचे शब्द त्याच्याच बोलीत टिपून घेणे हे काम अजून भरपूर उरले आहे. संग्रहालयात वस्तू शतकानुशतके टिकते. कृती मात्र ती जाणणाऱ्या माणसाइतकीच टिकते. आणि तो माणूस आज भेटू शकतो.