बीदरहून अमेरिका कोणत्या दिशेला?

आपल्या सीमाभागातल्या अनेक घरांतली मुले आज अमेरिकेत आहेत. अमेरिका कुठे, असे विचारले की घरातली मंडळी पश्चिमेकडे बोट दाखवतात. ही भिंतीवरच्या नकाशाने लावलेली सवय. बीदरच्या एखाद्या हौशी रेडिओचालकाने या समजुतीने गच्चीवरचा अँटेना नेमका पश्चिमेला वळवला, तर त्याची हाक न्यूयॉर्कऐवजी आफ्रिकेकडे जाईल. बीदरहून न्यूयॉर्क उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे २४ अंशांवर आहे आणि सॅन फ्रान्सिस्को उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे १८ अंशांवर. अमेरिका आपल्या उत्तरेला आहे.

असे का? मर्केटरने १५६९ मध्ये आपला नकाशा काढला तो खलाशांसाठी. होकायंत्राचा एकच कोन धरून जाण्याची वाट त्यावर सरळ रेषेत दिसते. पण ती सर्वांत जवळची नसते. रेडिओलहरी बहुधा जवळची वाट धरतात. म्हणून रेडिओचालक स्वतःचे गाव मध्यभागी ठेवून काढलेला गोल नकाशा वापरतात. त्यावर मध्यापासून प्रत्येक ठिकाणाची दिशा व अंतर बरोबर मिळते. दूरच्या देशांचे आकार मात्र ताणले जातात. लंडन मध्यभागी असलेला असा नकाशा बीदरच्या कामाचा नाही.

हा प्रश्न रेडिओच्या फार आधीचा आहे. मशीद बांधताना मक्केची दिशा काढावी लागते. अल् बिरूनीने अकराव्या शतकात गझनीसाठी ती गोलाच्या गणिताने काढली. पुढे बहमनी राजवटीत गुलबर्ग्याची जामा मशीद (१३६७) आणि बीदरला महमूद गावानाचा मदरसा (१४७२) उभा राहिला. बीदरहून मक्का गोलाच्या हिशेबाने पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे १२ अंश येते, मर्केटरच्या नकाशावर मोजली तर जेमतेम ६.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले, बीदर व गुलबर्गा म्हैसूर राज्यात गेले आणि मराठीच्या नकाशात आपण कडेला आलो. पण नकाशाचा मध्य काढणारा ठरवतो. आपल्या मराठी शाळांतून, आपापले गाव मध्यभागी असलेला जगाचा एक नकाशा भिंतीवर लागावा. परदेशातल्या नातवंडांकडे बोट दाखवताना तो आजी-आजोबांच्याही उपयोगी पडेल.