बांबू, मेज आणि ब्राँझ : खानदेशातील नवकलेचा एक मागोवा

मुंबईहून भुसावळकडे निघालेली गाडी मनमाड आणि नांदगाव मागे टाकून चाळीसगावात शिरते, तेव्हा प्रवाशांची धांदल चालते ती चहासाठी. स्थानकाबाहेर पाहण्याजोगे काही असेल, असे फारसे कुणाच्या मनात येत नाही. खानदेश म्हटले की आपल्याला केळीच्या बागा आठवतात, कापूस आठवतो, भरताची वांगी आणि बहिणाबाईंची ओवी आठवते. चित्र-शिल्पाची गोष्ट निघाली की मात्र आपले डोळे मुंबईकडे वळतात. नवी कला महानगरात जन्मते आणि उरलीसुरली आपल्या वाट्याला येते, अशी एक समजूत आपण नकळत बाळगली आहे. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास तपासला, तर ही समजूत टिकत नाही.

या इतिहासाचा आरंभ एका अपयशापासून करावा लागेल. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक केली. अजिंठा आज प्रशासकीय दृष्ट्या खानदेशाबाहेर असला, तरी तेथे जाणारा प्रवासी जळगावलाच उतरतो. गिल यांनी काळोख्या विहारांत वर्षानुवर्षे बसून मोठमोठी तैलचित्रे तयार केली आणि ती इंग्लंडला रवाना केली. लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये ती मांडलेली असताना, डिसेंबर १८६६ मध्ये त्या इमारतीला आग लागली आणि त्यांतील बहुतेक चित्रे भस्मसात झाली. दरम्यान गिल यांनी कॅमेरा हाती घेतला होता. त्या काळी छायाचित्रण ही अगदी नवी विद्या होती. त्यांनी टिपलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ साली जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. १८७९ साली गिल यांचे निधन झाले आणि भुसावळच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. कुंचला आणि कॅमेरा या दोहोंची खानदेशच्या परिसरात अशी फार लवकर गाठ पडली होती.

त्यानंतरचे मोठे पर्व फैजपूरचे. डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच एका खेड्यात भरले. ते खेडे म्हणजे पूर्व खानदेशातील, आजच्या जळगाव जिल्ह्यातील, फैजपूर. अध्यक्ष होते पंडित जवाहरलाल नेहरू. अधिवेशनासाठी उभारलेल्या नगरीला टिळकनगर असे नाव देण्यात आले. तिची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी करावी, अशी गांधीजींची इच्छा होती. अट एवढीच, की खर्च बेताचा असावा आणि साहित्य खेड्यात मिळणारे असावे. नंदलालबाबूंनी बांबू, गवत, चटया आणि गावकऱ्यांच्या हातचे कसब एवढ्या भांडवलावर प्रवेशद्वारे आणि मंडप सजवले. अध्यक्षांची मिरवणूकही मोटारीतून न निघता बैल जोडलेल्या, सजवलेल्या रथातून निघाली. नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर रोजी, गांधीजींनी तेथील प्रदर्शनाचे उद्घाटन केले आणि या रचनेचे श्रेय स्थापत्यकार म्हात्रे व चित्रकार नंदलाल बोस यांना जाहीरपणे दिले.

आज ज्याला आपण 'डिझाइन' म्हणतो, त्याचा हा उत्तम वस्तुपाठ होय. वस्तू कोणासाठी आहे, तिला किती पैसा लागेल आणि ती कोणत्या द्रव्यातून घडेल, या तीन प्रश्नांची उत्तरे सौंदर्याच्या भाषेत देणे, हेच या विद्येचे मर्म आहे. फैजपूरचा बांबू खेडुतांच्या रोजच्या ओळखीचा होता. त्याच बांबूला असे देखणे रूप येऊ शकते, हे मात्र त्यांनी नव्याने पाहिले असेल. अधिवेशन संपले, मंडप उतरले. पण दोनच वर्षांनी, १९३८ साली, गुजरातेतील हरिपुरा अधिवेशनासाठी नंदलालबाबूंनी ग्रामजीवनावरील जी फलकचित्रे रंगवली आणि जी पुढे आधुनिक भारतीय कलेचा ठेवा ठरली, त्यांची पूर्वतयारी फैजपुरातच झाली होती, असे म्हणता येईल.

आता पुन्हा चाळीसगावला येऊ. २ ऑक्टोबर १९१२ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात जन्मलेले कैखुश्रू माणेकजी मूस, म्हणजेच केकी मूस, इंग्लंडात कलाशिक्षण घेऊन १९३० च्या दशकाच्या अखेरीस चाळीसगावला परतले. रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या दगडी बंगल्यात ते जे स्थिरावले, ते ३१ डिसेंबर १९८९ रोजी देह ठेवीपर्यंत जवळजवळ तेथून बाहेर पडलेच नाहीत. याविषयी एक हृदयस्पर्शी कथा सांगितली जाते. पंजाब मेलने एक दिवस चाळीसगावला येईन, असे वचन त्यांच्या प्रिय व्यक्तीने दिले होते, आणि त्या गाडीच्या वेळी ते रोज दोघांसाठी मेज मांडून वाट पाहत असत.

ही कथा ऐकली नाही असा चाळीसगावकर विरळा. तथापि या कथेने मूस यांच्यावर काहीसा अन्यायही केला आहे, असे वाटते. लोक बंगल्यात येतात, विरहाची कहाणी ऐकून हळहळतात आणि भिंतीवरच्या छायाचित्रांकडे ओझरती नजर टाकून निघून जातात. मूस चित्रकार होते, शिल्प घडवीत, कागदाच्या घड्यांतून आकृती करीत, सतार वाजवीत. पण त्यांची खरी कर्तबगारी होती ती मेजावरच्या छायाचित्रणात, ज्याला 'टेबल टॉप फोटोग्राफी' म्हणतात.

हा प्रकार समजून घेण्याजोगा आहे. छायाचित्रकार एका मेजावर रोजच्या वापरातील किरकोळ वस्तूंतून दृश्य रचतो. कापूस बर्फ होतो, आरशाचा तुकडा तळे होतो, वाळलेली काटकी वठलेला वृक्ष होते. मग कॅमेऱ्याने ते असे टिपायचे, की पाहणाऱ्याला खरोखरीचा निसर्गच भासावा. यातील अडचण अशी की, वस्तू जवळून टिपताना पुढचे स्पष्ट आले तर मागचे धूसर होते. दोन्ही स्पष्ट हवे तर भिंगाचे छिद्र लहान करावे लागते. ते लहान केले की प्रकाश अपुरा पडतो. म्हणून कॅमेरा अधिक वेळ उघडा ठेवावा लागतो. दिव्याची जागा थोडी चुकली, तरी छाया खोटी पडते आणि सारा आभास मोडतो. दार लावून बसलेला हा माणूस असे अवघे जग मेजावर मांडीत होता. या साधनेला देशविदेशांतील सुमारे तीनशे पारितोषिके लाभली. ज्याने उंबरठा ओलांडला नाही, त्याची चित्रे समुद्र ओलांडून गेली.

१९०० साली सुरू झालेल्या चाळीसगाव–धुळे लोहमार्गाने आपण पुढे निघालो, की तिसऱ्या पर्वापाशी पोहोचतो. धुळ्याजवळच्या गोंदूर या खेड्यात १९ फेब्रुवारी १९२५ रोजी राम वनजी सुतार यांचा जन्म झाला. वडील सुतारकाम आणि लोहारकाम करीत. सुताराच्या घरातून जगापुढे आलेल्या मुलाची कथा आपल्या वाचकांना अपरिचित नाही! गुरू श्रीराम कृष्ण जोशी यांनी या मुलाच्या बोटांतील गुण हेरला आणि त्याला मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेची वाट दाखविली. १९५३ साली शिल्पकलेतील मेयो सुवर्णपदक मिळवून ते बाहेर पडले आणि १९५४ ते १९५८ या काळात पुरातत्त्व खात्यात राहून अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांच्या दुरुस्तीचे काम त्यांनी केले. गिल ज्या लेण्यांत चित्रे उतरवीत बसले होते, तेथेच शतकानंतर खानदेशचा एक तरुण प्राचीन कारागिरांच्या हाताचे वळण अभ्यासीत होता.

पुढे गांधीसागर धरणावर त्यांनी काँक्रीटमधून ४५ फुटी चंबळ माता घडविली. तिच्याजवळची दोन बालके म्हणजे मध्य प्रदेश आणि राजस्थान. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी अनावरण झालेला सरदार पटेलांचा १८२ मीटर उंचीचा पुतळाही त्यांच्याच कल्पनेतून साकारला. त्यासाठी प्रथम ३, १८ आणि ३० फुटांचे नमुने करण्यात आले. सर्वांत मोठा नमुना संमत झाल्यावर संगणकाच्या साहाय्याने त्याचे त्रिमिती मोजमाप घेतले गेले आणि त्यावरून ब्राँझचे पत्रे ओतले गेले. जगातील सर्वांत उंच पुतळ्याचा प्रारंभही अशा रीतीने मेजावर मावेल एवढ्याच आकृतीपासून झाला. वयाची शंभर वर्षे पूर्ण करून डिसेंबर २०२५ मध्ये सुतार यांनी जगाचा निरोप घेतला.

या तिन्ही पर्वांना जोडणारा एक धागा आहे. नंदलालबाबूंनी बांबू उचलला, मूस यांनी मेजावरच्या क्षुल्लक वस्तू उचलल्या, सुतारांनी वडिलांच्या हत्यारांचा वारसा उचलला. साधनांच्या टंचाईने कल्पकता खुंटते, असे म्हणणाऱ्यांना या भूमीने तीनदा उत्तर दिले आहे.

या कलेचे आयुष्य मात्र सारखे नाही. ब्राँझ शतके टिकेल. फैजपूरचे मंडप केव्हाच उतरले. गिल यांची चित्रे जळाली. मूस यांची छायाचित्रे कागदावर आहेत, आणि खानदेशच्या उन्हाळ्यात व पावसाळी दमटपणात कागदाला फार जपावे लागते. त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान हा संग्रह सांभाळीत आहे. पण कोणताही संग्रह केवळ विश्वस्तांच्या बळावर जगत नाही. त्याला पाहणारे डोळे लागतात. ज्या गावातील मुलांनी आपल्या गावचा कलावंत पाहिलेलाच नाही, त्या गावात कपाटाला वाळवी लागली तरी हाक मारणार कोण?

म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. पुढच्या खेपेस भुसावळकडे जाताना एक गाडी सोडावी, चाळीसगावला उतरावे आणि मुलांना घेऊन त्या दगडी बंगल्यात जावे. विरहकथा सांगावीच, पण त्याआधी एका छायाचित्रापुढे त्यांना निवांत उभे करावे आणि विचारावे, "हे कशाचे केले असेल?" भुसावळकरांनी तर २ नोव्हेंबरला, आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले वाहून झाल्यावर, पंथाचा हिशेब न करता एक मेणबत्ती गिल यांच्या नावाने लावावी. ज्याचे काम आगीने नेले, त्याची आठवण विस्मृतीने नेऊ नये.